हजेरीची तूट आणि इंटर्नल्स कमी : कॉलेजकडे अर्ज कसा करावा?

जांबोटीची लेक | ६ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. माझा धाकटा भाऊ बेळगावातील एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला शिकतो. कॉलेज व्हीटीयूशी (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी) संलग्न आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. काल तिथे शॉर्टेजची, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची, यादी लागली आणि तीत त्याचे नाव चार विषयांपुढे आले. गणितात ८२.५ टक्के हजेरी, डिजिटल डिझाइनमध्ये ८०, डेटा स्ट्रक्चर्समध्ये ७७.५ आणि ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये ७२. शिवाय गणिताच्या इंटर्नल्समध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनात, त्याला ५० पैकी १७ गुण आहेत आणि किमान २० लागतात, हे त्याने आज जेवताना ताटातून मान वर न काढता सांगितले.

कारण असे, की ४ सप्टेंबरला बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. ते खानापूरजवळ वीटभट्टीवर मुकादम होते. २२ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे १९ दिवस, ते बेळगावातील दवाखान्यात होते. आई रात्री थांबायची आणि दिवसा भाऊ. मी लग्न होऊन चंदगडला असते. माझे बाळ तेव्हा दोन महिन्यांचे होते, त्यामुळे मला जाता आले नाही. घरी आणल्यानंतर ऑक्टोबर संपेपर्यंत दर मंगळवारी त्यांना व्यायामासाठी पुन्हा बेळगावला न्यावे लागे आणि जांबोटीहून एसटीत त्यांना चढवणे-उतरवणे आईच्याने एकटीने होत नाही. गणिताची पहिली इंटर्नल १५ सप्टेंबरला झाली. त्या दिवशी तो वॉर्डात होता, म्हणून तिथे शून्य पडले.

परीक्षा जानेवारीत आहे. असा अर्ज करता येतो का, कोणाकडे करायचा, आणि तो मराठीत चालेल का? त्याला केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, तिचे काय होईल, हाही प्रश्न आहे. कॉलेजच्या ऑफिसात विचारले तर "एच.ओ.डी.ना भेटा" म्हणतात आणि एच.ओ.डी. (विभागप्रमुख) "ऑफिसात विचारा" म्हणतात.

निवृत्त मास्तर | ६ डिसेंबर, रात्री १०.५५

ताई, मी इंजिनिअरिंग कॉलेजात पुष्कळ वर्षे शिकवले आणि शॉर्टेजचे अर्ज पाहणाऱ्या समितीवरही बसलो आहे, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूने काय दिसते तेवढे सांगतो.

तुम्ही चार गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत, पण त्यांची दारे वेगवेगळी आहेत, आणि ती एकाच अर्जात कोंबली की अर्ज कोणत्याच दारातून आत जात नाही. हजेरीचा नियम असा आहे, की प्रत्येक विषयात ८५ टक्के हजेरी लागते, आणि सबळ कारण असल्यास प्राचार्यांच्या शिफारशीवरून कुलगुरू १० टक्क्यांपर्यंतची तूट क्षमापित करू शकतात. यालाच कॉलेजात कंडोनेशन म्हणतात. याचा अर्थ ७५ ते ८५ या पट्ट्यातील विद्यार्थ्यासाठी विनंतीला जागा आहे. ७५ च्या खाली प्राचार्यांची इच्छा असूनही त्यांच्या हातात काही उरत नाही. म्हणून तुमच्या भावाचे तीन विषय एका बाजूला आणि ७२ टक्क्यांचा ऑपरेटिंग सिस्टिम्स दुसऱ्या बाजूला, असे आजच कागदावर मांडा. कॉलेज स्वायत्त असेल तर काही प्रक्रिया त्यांची स्वतःची असते, तेव्हा त्याच्या स्कीमचे (त्याच्या तुकडीला लागू असलेल्या अभ्यासक्रम-योजनेचे) रेग्युलेशन, म्हणजे नियम, वेबसाइटवरून काढून हजेरीचे पान छापून घ्या. ऑफिसातील माणसापुढे छापील नियम ठेवला की बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

गणिताच्या इंटर्नल्सचा प्रश्न हजेरीचा नाहीच. सध्याच्या स्कीममध्ये इंटर्नल्सना ५० आणि अंतिम परीक्षेला ५० गुण असतात. इंटर्नल्समध्ये ४० टक्के, म्हणजे २० नसतील, तर त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही. कंडोनेशनने गुण वाढत नाहीत. त्यासाठी चुकलेल्या चाचणीऐवजी दुसरी चाचणी घ्यावी, अशी वेगळी विनंती विभागाकडे करावी लागते, आणि ती खरे तर १५ सप्टेंबरच्या आठवड्यातच करायची असते. आता उशीर झाला आहे. तरी करा, पण आशा बेताची ठेवा.

आणखी एक. ७२ टक्क्यांचा अर्ज लिहायला बसण्यापूर्वी ते ७२ खरे आहेत का ते पाहा. किती तास झाले, किती भरले, लॅब धरून की सोडून, कोणत्या तारखांना गैरहजेरी, हे सगळे भावाने स्वतः जाऊन उतरवून आणावे. हजेरीपटात चुका होतात. मीही केल्या आहेत.

टिळकवाडी ४२ | ७ डिसेंबर, सकाळी ८.१०

एवढा व्याप कशाला? ओळखीच्या डॉक्टरकडून मुलाच्याच नावाने टायफॉइडचे सर्टिफिकेट घ्यावे, तीन आठवड्यांची विश्रांती लिहून घ्यावी आणि जोडून टाकावे. सगळे तेच करतात. वडिलांचा आजार लिहिलात तर "आजारी तुम्ही होतात का?" असा उलटा प्रश्न येतो.

निवृत्त मास्तर | ७ डिसेंबर, सकाळी ९.०२

शेवटचे वाक्य बरोबर आहे, तो प्रश्न येतो. पण बाकीचा सल्ला घातक आहे. आमच्यासमोर एकदा असेच सर्टिफिकेट आले होते. ज्या आठवड्यात मुलगा अंथरुणाला खिळला होता म्हणे, त्याच आठवड्यात त्याने कॉलेजच्या क्रिकेट संघातून सामना खेळून त्याची हजेरी मागितली होती. दोन्ही कागद एकाच फायलीत निघाले. त्यानंतर चर्चा तुटीची राहिली नाही, खोट्या कागदाची झाली.

इथे तर खोट्याची गरजही नाही. वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख आहे, दवाखान्याचा शिक्का आहे. खरे कारण कागदासकट हाती असताना खोटे कशाला विकत घ्यायचे?

हिंडलग्याहून | ७ डिसेंबर, दुपारी १.३०

मला थोडे कडू बोलायचे आहे, ताईंनी राग मानू नये. मी एका कॉलेजात शिकवतो. दर सेमिस्टरला असे अर्ज येतात आणि प्रत्येकात घरचे कोणीतरी आजारी असते. ज्यांच्या घरी आजारपण असूनही जी मुले धावतपळत येऊन ८५ टक्के भरतात, त्यांच्यावर हा अन्याय नाही का? दवाखाना बेळगावातच होता. सकाळचे दोन तास करून तो परत वॉर्डात जाऊ शकला असता. नियम सर्वांना सारखा हवा.

जांबोटीची लेक | ७ डिसेंबर, दुपारी ३.१५

सर, राग नाही. जनरल वॉर्डात डॉक्टरांची फेरी सकाळीच असते आणि फेरीच्या वेळी जवळचे माणूस नसेल तर कोणती तपासणी सांगितली, कोणते औषध बाहेरून आणायचे, हे कळत नाही. आईला कन्नड समजते पण वाचता येत नाही. रात्रभर जागलेली ती सकाळी आठच्या गाडीने गावी जायची, कारण घरी दुभती म्हैस होती. पहिल्या आठवड्यानंतर भाऊ दुपारचे काही तास करू लागला होता, म्हणून तर गणितात ८२.५ दिसतात. हे अर्जात लिहावे की नाही, ते मला ठरवता येत नव्हते.

निवृत्त मास्तर | ७ डिसेंबर, दुपारी ४.४०

नक्की लिहा, पण दोन ओळींत. म्हैस वगळली तरी चालेल.

हिंडलग्याच्या सरांना एवढेच म्हणेन, की नियम सर्वांना सारखा असावा याबद्दल दुमत नाही. परंतु १० टक्क्यांची तरतूद नियमाबाहेरची मेहेरबानी नाही, ती त्याच नियमात, ८५ च्या अटीखाली लिहिलेली आहे. ती कोणासाठी वापरायची हे ठरवण्यासाठीच अर्ज, कागद आणि शिफारस असते. अर्जांत खोटे फार येते हे तुमचे निरीक्षण मला मान्य आहे, आणि म्हणूनच खऱ्या माणसाने आपले खरे तारखांनिशी मांडले पाहिजे.

निपाणीचा पाटील | ७ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

मी निपाणीहून कोल्हापूरला जाऊन-येऊन शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतली. आमच्याकडे सीमाभागात एक घोटाळा नेहमी होतो, तो सांगतो. कोल्हापूरकडचे पाहुणे म्हणतात, "काळजी कशाला, एटीकेटी मिळते." एटीकेटी ही नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात बसण्याची सवलत आहे. हजेरी अपुरी असेल तर सत्रच मंजूर होत नाही, आणि तो प्रश्न तिकडेही एटीकेटीने सुटत नाही. इकडे बेळगावात मागे राहिलेल्या विषयाला मुले बॅकलॉग म्हणतात आणि किती एफ (नापास श्रेणी) असले की वर्ष जाते याचे आकडे वेगळे आहेत. माझा चुलतभाऊ व्हीटीयूच्या २०१८ च्या स्कीमला होता. त्याला चारपेक्षा जास्त एफ असल्यावर पुढच्या वर्षाला बसू देत नव्हते. तेव्हा पाहुण्यांचा सल्ला ऐकावा, पण नियम आपल्या विद्यापीठाचा वाचावा.

जांबोटीची लेक | ८ डिसेंबर, रात्री ८.३०

मास्तर, तुम्ही म्हणालात तसे भावाने आज हजेरीपट उतरवून आणला, आणि ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये खरोखरच काही सापडले. थिअरी ४० तास आणि लॅबचे १० वर्ग, मिळून ५०. त्यांपैकी त्याचे ३६ भरले आहेत, म्हणून ७२ टक्के. पण त्याच्या बॅचची लॅब मंगळवारी असे. ऑक्टोबरमध्ये मॅडमना विचारून तो दोन वेळा गुरुवारी दुसऱ्या बॅचबरोबर बसला. त्या दोन्ही प्रयोगांवर लॅब रेकॉर्डमध्ये मॅडमची तारखेसह सही आहे. हजेरी मात्र पहिल्या बॅचच्या पटावर गैरहजर अशीच राहिली. ते दोन धरले तर ५० पैकी ३८, म्हणजे ७६ टक्के होतात.

त्याला हे आठवलेच नव्हते. यादी पाहून तो इतका खचला होता, की मोजून पाहण्याचे त्याच्या मनातच आले नाही.

मी रात्री अर्ज लिहून काढला आहे. सुरुवात अशी : "मा. प्राचार्य महोदय, आपण आम्हा गरिबांचे मायबाप आहात. माझ्या भावाचे भविष्य आपल्या हाती आहे. आमच्या घरावर नियतीने घाला घातला असून आम्ही पुरते उद्ध्वस्त झालो आहोत. कृपया मोठ्या मनाने एक संधी द्यावी..." असे दीड पान झाले आहे. कसे वाटते?

शहापूर ते टेक्सास | ८ डिसेंबर, रात्री ११.५०

ताई, मी मूळचा बेळगावच्या शहापूरचा, गेली बावीस वर्षे अमेरिकेत आहे. तुमच्या अर्जाविषयी बोलण्याआधी आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण आम्हीही पहिला अर्ज असाच लिहिला होता.

इथे सरकारी शिक्षण-साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्याला 'समाधानकारक शैक्षणिक प्रगती' दाखवावी लागते. तिची मापे तीन असतात. एक, सरासरी श्रेणी; चार वर्षांच्या पदवीत दुसरे वर्ष संपताना ती सर्वसाधारणपणे ४ पैकी २ तरी असावी लागते. दुसरे माप वेगाचे : जेवढे क्रेडिट (विषयांचे भारांक) घेतले, त्यांपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण केलेले असावेत. तिसरे मुदतीचे : १२० क्रेडिटची पदवी असेल तर १८० क्रेडिट घेण्याच्या आत, म्हणजे दीडपटीत, ती संपावी. वेगाचे माप दीडपटीच्या या हिशेबातूनच निघते. मध्येच सोडलेला विषयसुद्धा 'घेतलेल्या'त मोजतात, हे मुलांच्या फार उशिरा लक्षात येते. हे साहाय्य व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. माझी मुलगी इथली नागरिक असल्यामुळे तिला होते.

माझी आई वारली त्या सेमिस्टरला मुलीने पाचपैकी तीन विषय सोडले आणि साहाय्य थांबले. अपिलाची सोय होती. नातलगाचा मृत्यू, स्वतःचा आजार किंवा दुखापत, अथवा इतर विशेष परिस्थिती, ही कारणे चालतात. आम्ही आजीवर तीन पाने लिहिली. मनापासून लिहिली. कॉलेजने अपील नामंजूर केले. मग तिथल्या एका सल्लागार बाईंनी मुलीला नियमच वाचून दाखवला : अर्जात दोन प्रश्नांची उत्तरे असायलाच हवीत. प्रगती का झाली नाही, आणि आता काय बदलले आहे, ज्यामुळे पुढच्या तपासणीत ती होईल. आमच्या तीन पानांत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारे एक वाक्य नव्हते. दुसऱ्या वेळी तिने एका पानात लिहिले. पुढच्या सेमिस्टरला पाचऐवजी चार विषय घेणार, कोणते, आणि कोणत्या शिक्षकांना आठवड्यातून एकदा भेटणार, असे. एका सत्राच्या परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीच्या अटीवर, साहाय्य पुन्हा सुरू झाले.

इथला नियम तिथे लागू नाही, हे उघड आहे. पण तुमच्या दीड पानात तो दुसरा प्रश्न कुठे आहे, ते शोधून पाहा.

निवृत्त मास्तर | ९ डिसेंबर, सकाळी ६.४५

टेक्सासच्या गृहस्थांनी माझे काम सोपे केले. ताई, तुमचे दीड पान मी वाचले नसते. वाईट वाटून घेऊ नका. पण समोर गठ्ठा असतो, प्रत्येक फायलीला दोन-तीन मिनिटे मिळतात, आणि "मायबाप" म्हटल्यावर वाचणाऱ्याची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. "भविष्य आपल्या हाती" हे वाक्य प्राचार्यांना अडचणीत टाकते, कारण त्यांना ते कुलगुरूंकडे जाणाऱ्या शिफारशीत उतरवून घेता येत नाही. त्यांना उतरवून घेता येईल अशी वाक्ये द्या.

अर्ज भावाच्या नावाने, त्याच्या सहीने असावा. खाली पालकांची सही. बहिणीने केलेला अर्ज बाजूला पडतो. मी एक मसुदा खाली देतो. मराठीत लिहिला आहे, म्हणजे घरात सगळ्यांना कळेल. इंग्रजी करून द्या.

"विषय : तिसऱ्या सेमिस्टरमधील हजेरीच्या तुटीस क्षमापन मिळण्याबाबत.

महोदय, मी तिसऱ्या सेमिस्टरचा विद्यार्थी असून डिजिटल डिझाइन (८० टक्के), डेटा स्ट्रक्चर्स (७७.५ टक्के), गणित (८२.५ टक्के) आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स (दुरुस्तीनंतर ७६ टक्के, दुरुस्तीचा अर्ज सोबत आहे) या विषयांत माझी हजेरी ८५ टक्क्यांपेक्षा कमी आहे.

माझे वडील ४ सप्टेंबर ते २२ सप्टेंबर या काळात अर्धांगवायूमुळे दवाखान्यात दाखल होते. दिवसा त्यांच्याजवळ थांबणारा घरात मी एकटाच होतो. त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत दर मंगळवारी त्यांना उपचारासाठी जांबोटीहून बेळगावला न्यावे लागत असे. माझी बहुतेक गैरहजेरी या तारखांतील असून तारीखवार तक्ता जोडला आहे.

१ नोव्हेंबरपासून माझे मामा आमच्या घरी राहत असून वडिलांचा व्यायाम घरीच होतो. त्या दिवसापासून आजपर्यंत या चार विषयांत मिळून झालेल्या ... तासांपैकी मी ... तास हजर होतो. पुढील सेमिस्टरमध्येही हीच व्यवस्था राहील.

तरी वरील तूट क्षमापित करण्यासाठी माझी शिफारस विद्यापीठाकडे करावी, ही विनंती."

मामांचे मी अंदाजाने लिहिले आहे. खरी व्यवस्था जी असेल ती घाला. रिकाम्या जागी नोव्हेंबरपासूनचे तास मोजून भरा. तो आकडा चांगला असेल तर तोच तुमचा सर्वांत मोठा पुरावा. ऑपरेटिंग सिस्टिम्सचा दुरुस्ती-अर्ज वेगळा करून आधी मॅडमकडे न्या, लॅब रेकॉर्डच्या त्या दोन पानांच्या झेरॉक्ससह. मॅडमनी पटावर दुरुस्ती करून सही केली, की मगच मुख्य अर्ज द्या. क्रम उलटला तर मुख्य अर्जात ७२ लिहावे लागतील आणि तो तिथेच थांबेल. प्रत्येक कागदाची पोच घ्या : दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही.

सीमाभागी | ९ डिसेंबर, सकाळी १०.००

ताईंनी मराठीतील अर्जाबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर राहून गेले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे, गाऱ्हाणे मांडणारे निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तेव्हा मराठीत अर्ज देणे हा गुन्हा नाही. तरीही मी स्वतः इंग्रजीतच द्यायला सांगेन, कारण हा कागद विभागातून ऑफिसात, तिथून प्राचार्यांकडे आणि पुढे विद्यापीठात जाणार आहे, आणि प्रत्येक टेबलावर भाषांतराची वाट पाहायला तुमच्याकडे दिवस नाहीत. हक्क बजावण्याच्या जागा वेगळ्या आहेत, त्या आपण सोडत नाहीच. डिस्चार्ज कार्डावर कन्नड शिक्के-शेरे असतील तर इथे काही अडत नाही.

निवृत्त मास्तर | ९ डिसेंबर, सकाळी १०.२५

सहमत. भाषेचा वाद या धाग्यात इथेच थांबवू, नाहीतर मुलाची परीक्षा होऊन जाईल.

मलप्रभेकाठी | ९ डिसेंबर, दुपारी १२.१०

शिष्यवृत्तीबद्दल. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्राची जी शिष्यवृत्ती आहे, ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये असते आणि दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरणाच्या अटी परीक्षेच्या अटींहून वेगळ्या आहेत : वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि किमान ७५ टक्के हजेरी. म्हणजे गंमत पाहा, हजेरीत तुमच्या भावाची परिस्थिती इथे बरी आहे, पण गुणांत मात्र पास होण्यापुरते ४० टक्के चालणार नाहीत. गणित मागे राहिले तर बाकीच्या विषयांत त्याला जोर लावावा लागेल. पोर्टलवरचा अर्ज कॉलेजचा नोडल अधिकारी (शिष्यवृत्तीचे काम पाहणारा) तपासतो. त्याला आत्ताच भेटून एका विषयात परीक्षेला बसता आले नाही तर टक्केवारी कशी काढणार ते विचारून ठेवावे. माझ्या बहिणीने हे शेवटच्या तारखेनंतर विचारले आणि एक वर्षाची रक्कम गेली.

कोर्टाच्या पायरीवर | ९ डिसेंबर, रात्री ९.००

मी वकील आहे. या प्रकरणात लगेच भांडणाची भाषा नको, पण ऑफिस आणि एच.ओ.डी. यांच्यात चेंडू असाच फिरत राहिला तर एक मार्ग माहीत असावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. एक प्राध्यापक अध्यक्ष, चार ज्येष्ठ अध्यापक सदस्य आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी, अशी तिची रचना आहे. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर विद्यार्थ्याला १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात.

दोन मर्यादा मात्र ध्यानात घ्या. पंधरा कामकाजाचे दिवस म्हणजे कॅलेंडरचे तीन आठवडे. जानेवारीतील परीक्षेसाठी हा मार्ग धरायचा तर याच आठवड्यात धरावा लागेल. आणि केवळ पेपर पुन्हा तपासावा एवढ्याच मागणीचे अपील लोकपाल घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. "गुण कमी दिले असे वाटते" याला तिथे जागा नाही. तुमच्या लॅब-हजेरीची नोंद ही मात्र नेमकी दाखवता येणारी चूक आहे. मॅडमनीच ती दुरुस्त केली तर समितीची गरजही पडणार नाही.

जांबोटीची लेक | ११ डिसेंबर, रात्री ८.१५

मॅडमनी लॅब रेकॉर्ड पाहिला, दुसऱ्या बॅचची त्यांची वही काढली, तीत त्या दोन गुरुवारी त्याचे नाव पेन्सिलने लिहिलेले होते. त्यांनी तिथल्या तिथे पट दुरुस्त केला आणि "तू आधी का नाही आलास?" असे विचारले. याला उत्तर देता आले नाही. नोव्हेंबरपासूनचे तास मोजले, ६४ पैकी ६१ आले. मामांचा अंदाज खरा निघाला, फक्त मामा नव्हे तर आत्या राहायला आल्या आहेत.

मुख्य अर्ज आज दिला, पण एक अडचण आली. बाबांचा उजवा हात अजून चालत नाही, म्हणून त्यांनी डाव्या हाताने सही केली होती. प्रवेशाच्या फॉर्मवरील सहीशी ती जुळत नाही म्हणून क्लार्कने कागद परत केला. शेवटी आईची सही आणि तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडून दुपारी पुन्हा दिला, तेव्हा पोच मिळाली. पुढे कोणावर अशी वेळ आली तर आधीच आईची सही घ्यावी.

गणिताच्या चुकलेल्या चाचणीऐवजी दुसरी घेण्याचा अर्ज विभागाने त्याच दिवशी नाकारला. गुण भरून, सह्या होऊन गेले आहेत, आता उघडता येत नाहीत, असे उत्तर मिळाले.

हिंडलग्याहून | ११ डिसेंबर, रात्री ९.५०

विभागाचे उत्तर नियमाला धरून आहे. तरीही सांगतो, ६४ पैकी ६१ हा आकडा माझ्यासमोर आला असता तर मी शिफारशीच्या बाजूने बोललो असतो. असे मोजून आणणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही.

जांबोटीची लेक | २ जानेवारी, सायंकाळी ५.३०

सर्वांना कळवायचे राहिले होते. तूट क्षमापित झाली. काल हॉल तिकीट मिळाले. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम्स, डेटा स्ट्रक्चर्स आणि डिजिटल डिझाइन आहेत, गणित नाही. गणितासाठी पुन्हा नोंदणी करून तासांना बसावे लागेल. नोडल अधिकाऱ्यांनी निकाल लागल्यावर गुणपत्रिका घेऊन या असे सांगितले आहे. भाऊ काल रात्री दोनपर्यंत वाचत होता, असे आत्या म्हणाल्या.

निवृत्त मास्तर | २ जानेवारी, सायंकाळी ७.१०

चांगले झाले. गणिताच्या पुनर्नोंदणीची तारीख आणि शुल्क परीक्षा संपायची वाट न पाहता विचारून ठेवा. ती नोटीस आठवडाभरच लावलेली असते आणि मुले नेमकी तेव्हा गावी असतात. दुरुस्त केलेल्या हजेरीपटाच्या पानाचा फोटो आणि सगळ्या पोचपावत्या एका फायलीत ठेवा, गणिताचे तास पुन्हा सुरू झाले की त्याच फायलीत त्याने दर शनिवारी आपली हजेरी स्वतः लिहावी.